एक स्टार देणाऱ्या पालकांना आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. नोट्समध्ये जुनी कलमं आहेत, कायदा शिकवायचं सोडून मुलांना वर्तमानपत्र वाचायला बसवतात, आणि मुलीनं लॉ सीईटीत, म्हणजे राज्याच्या लॉ प्रवेश परीक्षेत, 22 प्रश्न कोरे सोडले याचा क्लासवाल्यांना पत्ताही नाही.

नोट्सचं खरं आहे. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचं कलम 302 जाऊन 103 आलं. आमच्या झेरॉक्समध्ये 302च राहिलं. सीईटीत असं थेट विचारू शकतात, म्हणजे चूक लहान नाही. तो गठ्ठा आता रद्दीत गेलाय.

वर्तमानपत्र वाचण्यावरून मात्र मी मागे हटणार नाही. क्लॅटला, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेला, कलमं पाठ लागत नाहीत. नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो खालच्या प्रसंगाला लावायचा. वर्गात मी केळीत घुसलेल्या म्हशीचं उदाहरण घेतो. नियम असा, की जनावर मोकळं सोडणाऱ्यानंच भरपाई द्यायची. तरी निम्मी मुलं म्हणतात, ‘कुंपण नव्हतं ना सर, मग शेतकऱ्याचीपण चूक.’ गावच्या पारावर हे चालेल, पेपरात गुण जातो. त्यात दोन तासांत 120 प्रश्न, सगळे इंग्रजीत, लांबलांब उताऱ्यांवर. मराठी माध्यमातल्या मुलांना तो वेग रोज वाचल्याशिवाय कसा यायचा?

आता ते 22 प्रश्न. तुमचं वाचून मी बॅचमधल्या बाकीच्यांना विचारलं, तर आणखी चौघांनी हेच केलेलं निघालं. क्लॅटला चुकलेल्या उत्तरामागे पाव गुण कापतात, म्हणून डिसेंबरमधल्या क्लॅटपर्यंत आम्ही ‘खात्री नसेल तर हात लावू नका’ हेच घोकून घेतलं. सीईटीला गुण कापतच नाहीत. तिथे डोळे मिटून 22 क्लिक केले असते तरी पाचेक गुण पदरात पडले असते. हे आम्ही नंतर एकदा सांगितलं होतं, पण महिनोन्‌महिने लावलेली सवय एकदा सांगून सुटते थोडीच! भुसावळात दोन बॅच भरतील इतकी मुलं येत नाहीत, म्हणून दोन्ही परीक्षांची एकच बॅच, हा माझा हिशोब होता. भुर्दंड तुमच्या मुलीला पडला. माफ करा.

यंदा क्लॅट झाली की सीईटीची बॅच वेगळी, सराव कॉम्प्युटरवरच, आणि एक जरी प्रश्न कोरा दिसला तरी परत बसवणार. मुलगी पुन्हा परीक्षा देणार असेल तर या बॅचची फी तिच्याकडून घेणार नाही.

पण वर्ष घालवायची घाई नको. आहेत त्या गुणांवर कॅप राउंडला, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, जळगाव-धुळ्याकडे काही मिळतंय का, ते आधी पाहू. तिचं स्कोअरकार्ड आणि बारावीची मार्कशीट घेऊन या. संध्याकाळी सहानंतर मी क्लासवरच असतो.