बुबुर लंबुकला फुकटची खिचडी म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी एका ग्रुपवर क्वालालंपूरचा व्हिडिओ आला. मशिदीबाहेर लांबलचक रांग, हातात डबे-पिशव्या, आणि खाली तिथेच नोकरीला असलेल्या आपल्या एका मराठी बांधवाची ओळ: "फुकट खिचडी म्हटलं की इथेही तीच झुंबड." त्यावर हसऱ्या इमोजींची रास. डोकंच फिरलं.

एक तर ती खिचडी नाही, बुबुर लंबुक आहे: तांदूळ, खिमा आणि नारळाच्या दुधाची मसालेदार मलय पेज. आणि ती दानधर्माची भाकरीही नाही. क्वालालंपूरमधल्या कंपुंग बारू वस्तीच्या जामेक मशिदीत रमजानभर असरच्या, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजानंतर ती वाटतात, साडेचार-पाचच्या सुमारास. रांगेत ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात असलेली पोरगी असते, टॅक्सीवाला असतो, चिनी आजी असते. तुझा रोजा आहे का, असं कोणी विचारत नाही. भंडाऱ्याला जाणाऱ्याला आपण फुकट्या म्हणतो का? मग इथेच कशी जीभ सैल सुटली?

खिचडी म्हणणाऱ्याने एकदा ती कढई बघावी. मलय लोक तिला 'कावा' म्हणतात. दहा किलो तांदूळ घेतला तर शंभर लिटरच्या वर पाणी लागतं आणि त्यात तीनेकशे डबे भरतात. तांदूळ भिजवून थोडा चुरलेला, म्हणजे लवकर फुटतो. तुपात कांदा, लसूण, आलं; दालचिनी, लवंग, वेलची, चक्रफूल फडक्यात बांधून, नाहीतर पोरांच्या दाताखाली येतं. मेथीदाणे मूठभरच, जास्त झाले की अख्खी कढई कडू. खिमा पाच-सहा किलो, पण तो वेगळा परतून, मोकळा करून घालायचा. कच्चा खिमा उकळत्या पेजेत टाकला की त्याचे गोळे होतात, मग एकाच्या डब्यात सगळा खिमा आणि दुसऱ्याच्या डब्यात नुसती पेज. सोडे भाजून, जाडसर कुटून. मीठ उशिरा, कारण सोड्यांचं मीठ उतरतं आणि पेज आटते तशी खारट होत जाते.

नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, आच बारीक करून. ते घातल्यावर खळखळून उकळलं तर फाटतं आणि वर तेल तरंगतं. मग कोणी काहीही करा, ते परत मिळून येत नाही.

पण खरी परीक्षा ढवळण्याची. तांदूळ फुटला की पेज दाटते, पिठूळ भाग बुडाला बसतो आणि तिथून करपायला सुरुवात होते. म्हणून लाकडी वल्हं तळाला टेकवून सतत फिरवायचं, आणि माणसं पाळीपाळीने बदलायची. तेही रोजा धरून, पाण्याचा घोट न घेता, तिथल्या दमट उकाड्यात, गॅसच्या भट्टीपुढे. चाखून बघणंही शक्यतो टाळतात. जुने हात वासावर आणि रंगावर चालतात.

उपनगरातल्या एका लहान सुरावमधली, म्हणजे मोहल्ल्यातल्या छोट्या नमाजघरातली गोष्ट सांगतो, कारण त्या व्हिडिओवाल्याला हीच सांगायला हवी. पेज बुडाला लागली होती. नव्या उत्साही पोराने चांगल्या मनाने तळ खरवडला आणि करपट वास क्षणात वर आला. म्हातारे पाकचिक (मलयमध्ये काका) ओरडले नाहीत. गॅस बंद केला, त्याच्या हातातलं वल्हं काढून घेतलं, वरची पेज हलक्या हाताने दोन पातेल्यांत काढली आणि तळ तसाच सोडून दिला. करपलेलं खरवडायचं नसतं, हा पहिला नियम. जवळजवळ पाव कढई गेली.

आता या हॉटेलवाल्यांकडे येतो. रमजान आला की तिथल्या मोठमोठ्या हॉटेलांत इफ्तारचा बुफे लागतो. शंभराच्या वर पदार्थ, माणशी शंभर रिंगिटच्या (मलेशियाचं चलन) वर दर, आणि अजान होताच लोक ताटावर डोंगर रचतात. त्यातला निम्मा डोंगर कचऱ्यात. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी हे? याचा व्हिडिओ कोणी टाकत नाही, याला झुंबडही कोणी म्हणत नाही, कारण पैसे मोजलेले असतात! बरं, दोघंही नोकरी करणाऱ्या घराला एखादी संध्याकाळ चुलीपासून सुटका हवी असते, मान्य. पण तेवढंच.

त्यापेक्षा मलेशियातल्या जोहोर-सेलांगोर राज्यांकडची, इंडोनेशियातल्या जावा बेटावरून आलेल्या घराण्यांची नासी अंबेंग बघा, एका परातीत मिळून खायचं भाताचं जेवण. केळीचं पान घातलेली एक परात, तिला ते दुलांग म्हणतात. मधे भात, कडेने कोंबडी, परतलेल्या शेवया, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), खारी मासळी, मसाला घालून कोरडं परतलेलं खोबरं. चार-पाच जण भोवती बसतात. आधी खजूर-पाणी, मग मगरिबचा, म्हणजे सूर्यास्तानंतरचा नमाज, मग परात. आपल्या पुढ्यातलं खायचं, पलीकडे हात घालायचा नाही. भाताचा कोपरा संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. अनोळखी माणसासोबत एका परातीत जेवताना हावरटपणा आपोआप आवरतो. उरलं ते बांधून घरी जातं. बुफेत हे कुठे बसवणार?

त्या सुरावमध्ये त्या दिवशी पेज कमी पडणार हे रांगेला आधीच सांगितलं गेलं. पुढच्या माणसांनी तीन-तीन डबे पुढे केले होते, त्यांनी दोन मागे घेतले. सगळ्यांनीच नाही. एक-दोन महाभाग "घरी पाच माणसं आहेत" म्हणत अडून बसले, तेही खरं. प्लास्टिकचा ढीग होतो, तेही खरं. पण शेवटच्या माणसाला अर्धा डबा का होईना, मिळाला.

आणि वल्हं काढून घेतलेल्या त्या पोराला पाकचिकांनी घरी पाठवलं नाही. डबे भरायला बसवलं. गरम पेज लगेच झाकायची नाही, वाफ जाऊ द्यायची, हे त्याला तिथे समजलं. झाकण घट्ट लावलं की नारळाच्या दुधामुळे मगरिबच्या आतच आंबूस वास धरतो.

राग थोडा उतरलाय. व्हिडिओवाल्या दादा, पुढच्या वेळी चारला जा, स्टीलचा डबा घेऊन जा, एकच घे आणि त्याच रात्री संपव. आणि हात लावायचा असेल तर सकाळी दहाला जा. कांदे सोलायला माणसं कायम कमी पडतात.