व्हॅम्पायर ड्रॅक्युलाच्या आधीच बोलत होता

'व्हॅम्पायरच्या तोंडची कविता म्हणजे ड्रॅक्युलाची पिल्लावळ. आधी तो मुका राक्षस होता, ब्रॅम स्टोकरने त्याला वाचा दिली आणि तेव्हापासून कवी रक्ताचं आणि प्रेमाचं तेच दळण दळतायत.' हे विधान अधूनमधून फिरत येतं आणि लोक माना डोलावतात.

आधी सुरुवातीचं बघू. स्टोकरची कादंबरी 'ड्रॅक्युला' आली १८९७ साली. जर्मन कवी ऑसेनफेल्डरची 'व्हॅम्पायर' ही कविता १७४८ची. सर्बियातल्या व्हॅम्पायर प्रकरणांवरचा ऑस्ट्रियन लष्करी डॉक्टरांचा अहवाल १७३२ मध्ये गाजला होता, त्याचा धुरळा अजून बसला नव्हता. कवितेतला 'मी' झिडकारलेला प्रियकर. पोरगी देवभोळ्या आईचं ऐकते, याला भाव देत नाही. मग हा म्हणतो, थांब, आज टोकाय ही हंगेरीची वाइन ढोसून व्हॅम्पायरच होतो. तू झोपलीस की गालांवरची लाली शोषून घेईन आणि माझ्या मिठीत मेल्यासारखी गळून पडलीस की विचारीन, बोल, आईची शिकवण भारी की माझी? हा खरा व्हॅम्पायर नव्हे, चढलेला माणूस आहे, असं कोणी म्हणेल. कबूल. पण धमकी त्याच्याच तोंडची आहे.

'स्टोकरने वाचा दिली' हे तर पुस्तक न उघडता केलेलं विधान. कादंबरी म्हणजे हार्कर, मीना, डॉ. सिवर्ड या पात्रांच्या डायऱ्या, पत्रं, तारा. काउंट ड्रॅक्युला बोलतो ते दुसऱ्याच्या वहीत. त्याच्या हातच्या म्हणायला सुरुवातीच्या एक-दोन छोट्या चिठ्ठ्या आहेत. (आपला वेताळ बडबडा, पण तोही गोष्टी सांगतो त्या दुसऱ्यांच्याच.) शिवाय पहिल्याच प्रकरणात एक प्रवासी जर्मन कवी ब्युर्गरच्या 'लेनोरे' या अठराव्या शतकातल्या कवितेची ओळ पुटपुटतो: मेलेले वेगाने दौडतात. उसनवारी कादंबरीने कवितेकडून केली आहे.

राहिलं रक्त आणि प्रेम. जर्मन कवी गटेच्या 'कोरिंथची वधू' या कवितेत (१७९७) दोन्ही आहेत, पण भांडण धर्माचं आहे. घर ख्रिस्ती झालेलं. आईने नवस फेडायला मुलीला मठात घातलं, ती मेली. मध्यरात्री ती ठरलेल्या नवऱ्याच्या खोलीत येते. रक्तासारखी लाल वाइन अधाशासारखी पिते, त्याने दिलेल्या पावाचा कणही तोंडात घालत नाही. पुढे आई दारात उभी राहते तेव्हा तिलाच सुनावते: मला थडग्यातून हाकललंय, गमावलेल्या माणसावर प्रेम करायला आणि त्याच्या काळजाचं रक्त प्यायला. आता आम्हा दोघांची चिता रच, आम्ही जुन्या देवांकडे जातो. याला प्रेमाचं दळण म्हणणाऱ्याने ती शेवटपर्यंत वाचलेली नाही.

फ्रेंच कवी बोदलेअर तर आणखी पुढे जातो. १८५७च्या संग्रहातली त्याची व्हॅम्पायर स्त्री स्वतःच्या देहाची फुशारकी मारते. पॅरिसच्या न्यायालयाने बंदी घातलेल्या सहा कवितांत ती कविता होती, आणि बंदी उठायला १९४९ उजाडलं. त्याच संग्रहातल्या दुसऱ्या एका कवितेत मात्र बळी कोणी दुसरा नाहीच. तिथे 'मी' सांगतो, मी माझ्याच काळजाचा व्हॅम्पायर आहे.