"पालकांनी मध्ये पडू नये" म्हणे

तो मेसेज तुम्हालाही आला असेल, मला तीन ग्रुपवर आला. सार काय तर शिकवणं हे शाळेचं काम, पालकांनी मुलाला वेळेवर पोचवावं आणि गप्प बसावं, त्यात कमी शिकलेल्यांनी तर तोंडच उघडू नये. माझं म्हणणं उलट आहे, मुलाबद्दल घरी जे माहीत असतं ते पालकांनी शाळेला सांगावं.

"कमी शिकलेल्या घरात मुलाला द्यायला काय असतं?" मला सगळ्यात खटकलं ते हे. ब्राझीलमध्ये रेसिफेला रस्त्यावर माल विकणाऱ्या ५ मुलांचा एक अभ्यास झालेला, काराहेर आणि श्लीमान यांचा, १९८५ मध्ये छापून आला. संशोधकच गिऱ्हाईक बनून गेले, एक नारळ ३५ ला तर १० चे किती? पोरगा म्हणतो ३ चे १०५, अजून ३ म्हणजे २१०, असं करत ३५० वर पोचला. असे तोंडी हिशोब ९८ टक्के बरोबर, आणि नंतर तशीच गणितं नुसती आकड्यांत मांडून दिली तर ३७ टक्के! म्हणजे डोकं तेच, फक्त शाळेला ते दिसतच नव्हतं.

अमेरिकेत टूसानला तर शिक्षकच मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या घरी गेले, शिकवायला नाही, विचारायला. शेती, बांधकाम, दुरुस्ती, घरच्यांना येणारं केवढं काय काय निघालं. संशोधक लुईस मोल आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ते मांडलंय.

"शिक्षकांना वेळ कुठे असतो?" नसतोच, मान्य. पण वहीत एक ओळ लिहायला आणि वाचायला कितीसा लागतो.

"घरचं सांगितलं की मुलावर शिक्का बसतो." हे मात्र खरंय, बसतो कधीकधी, म्हणून घरातली भांडणं नका सांगू, मूल कशाला घाबरतं, कशात रमतं ते सांगा ना.

आमच्या लेकीच्या वहीत १०० वजा ६४ वर लाल फुली होती, उत्तर ३६ बरोबर पण "पायऱ्या नाहीत". तिला आजोबांनी शिकवलेलं, ६४ चे ७० व्हायला ६, पुढे १०० पर्यंत ३०, झाले ३६, हातचा नाही उसना नाही, आणि आजोबा सातवी पास बरं का. मी वहीत खाली हे लिहून पाठवलं, जरा धाकधूकच होती. बाईंनी फळ्यावर दोन्ही पद्धती करून दाखवल्या तर म्हणे चार-पाच पोरं एकदम ओरडली, आमच्याकडे पण असंच करतात!