मालकाचं उत्तर: ‘एका क्लिपसाठी तीन तास’

नमस्कार दादा. इंजिनाला हवा नेणारा, क्लिपने आवळलेला रबरी होज पाइप निसटला आणि रात्री पावणेदोनला भरल्या गाडीनिशी कसारा घाटात उभं राहावं लागलं, त्याबद्दल हात जोडून माफी मागतो. फोन उचलला गेला नाही, तीही चूक आमचीच. मोबाइल गॅरेजात चार्जिंगला राहिला होता. सकाळी बघितल्यावर तीनदा लावला, तुम्ही कट केलात. असो.

पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, ‘एका क्लिपसाठी तीन तास बसवून ठेवलं, 2,350 रुपये घेतले आणि दोन दिवसांत पाइप निघाला.’ त्यातलं ‘एका क्लिपसाठी’ फार लागलं. जेवतानाही तेच डोक्यात येतंय. म्हणून त्या तीन तासांचं सांगतोच.

तुम्ही साडेचारला आलात ते थेट पिंपळगावहून गाडी ताणत. इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या टर्बोने दाबलेली हवा शंभर अंशांच्या वर तापते, म्हणून तर पुढे ती गार करायला इंटरकूलर असतो. त्या दोघांमधल्या पाइपाला हात लावायची सोय नव्हती. अर्धा तास गाडी निवण्यात गेला. नंतर बघतो तर जुन्या होजवर आधी कोणीतरी बायंडिंगची तार गुंडाळून वर एमसील थापलेलं. ते खरवडून काढलं. इंटरकूलर उतरवून तिरका केला तर चहाचा कप भरेल एवढं तेल निघालं. तुम्हाला बोलावून दाखवलं, तेव्हा तुम्ही फोनवर होतात.

ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, थोडं तेल त्या वाटेला येतंच, त्यात टर्बो खराब असं काही नाही. पण होजच्या आत तेल राहिलं तर क्लिप कितीही आवळा, 15 ते 20 पीएसआयचा दाब आला की पाइप ओल्या साबणासारखा सटकतो. म्हणून होज आणि पाइपाचं तोंड दोन्हीकडे ब्रेक क्लीनर मारायचा, कोरड्या फडक्याने पुसायचं, परत मारायचा आणि पूर्ण वाळू द्यायचं. डिझेलच्या बोळ्याने पुसून पंधरा मिनिटांत बसवून देणारेही आहेत. मी नाही तसं करत.

मग क्लिप. साधी स्क्रूची क्लिप माझ्याकडे डबाभर पडलीय. पण ती एका जागी जास्त दाबते आणि जास्त आवळली की रबर कापते. टी-बोल्ट क्लॅम्प सगळीकडून सारखा धरतो. तो मापाचा नव्हता म्हणून पोऱ्याला द्वारकेला पाठवलं. संध्याकाळी सहाला आडगाव नाक्यावरून द्वारकेला जाऊन यायला काय लागतं, ते नाशिककराला वेगळं सांगायला नको. तेवढ्यात तुम्ही चारदा हॉर्न वाजवलात, तोही बॉनेट उघड्या असलेल्या स्वतःच्याच गाडीचा. ‘70 कॅरेट टोमॅटो भरायचेत, वाशीचं मार्केट चुकेल,’ म्हणालात. बरोबर आहे, तुमचंही पोट त्यावर आहे. पण तिथून पुढे घाई झाली ती झालीच.

तुम्ही नंतर तो होज टेबलावर आपटून गेलात, तो मी नीट बघितला. क्लॅम्पचा वळ वरच्या बाजूला पाइपाच्या कंगोऱ्यामागे (तोंडाजवळच्या उंच कडेमागे) आहे, खालच्या बाजूला मात्र अर्धा कंगोऱ्यावरच चढलाय. तो मागेच बसायला हवा, कारण कंगोराच होजला अडवून धरतो. खालची बाजू आरसा धरून बघायची असते. त्या दिवशी बघितली नाही. आवळलं पोऱ्याने, पण गॅरेज माझं आहे.

तरी बिलाच्या खाली मी स्वतः पेनाने लिहिलंय, ‘इंजिन फाउंडेशन बदलणे,’ म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं ती. रेस दिली की तुमचं इंजिन दोन बोटं हलतं. इंटरकूलर जागचा हलत नाही, त्यामुळे दर वेळी ओढ बसते ती मधल्या होजला. तुम्ही म्हणालात, सीझन संपू द्या. शिवाय रबर तापून-निवून बसलं की क्लॅम्प सैल पडतो, वाशीला पोचल्यावर गार गाडीत एकदा तपासून घ्या, हेही सांगितलं होतं. टोमॅटो वेळेवर पोचले ना? जाताना घाट उतार, टर्बोवर जोर नाही. येताना पोती भरून तोच घाट चढलात. त्याआधी क्लॅम्पवर नुसती नजर टाकली असती तर होज सरकलेला दिसला असता. जाऊ द्या, जास्त बोलत नाही.

2,350 मध्ये होज, दोन क्लॅम्प, इंटरकूलर धुणं आणि मजुरी आली. दोन चहा आणि वडापाव त्यात धरलेले नाहीत.

17 वर्षं या नाक्यावर आहे. पूर्वी लोक ड्रायव्हरला विचारून यायचे, आता आधी स्टार बघतात. तुमचं वाचून कालच एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, ‘काय हो, काय झालं?’ घरात चार माणसं खाणारी आहेत, जमलं तर तेवढा विचार करा.

आमच्याकडून यापुढे तपासणीकडे जास्त लक्ष देऊ, रात्रीच्या फोनचंही काहीतरी बघतो. तुमचा होज नवीन टाकून देतो, पैसे नाहीत. फाउंडेशनचं सामान तुम्ही आणा, मजुरी घेणार नाही. सोमवार सोडून कधीही या. फक्त गाडी गरम असेल तर अर्धा तास जास्तीचा धरून या.