वाचून झाल्यावर अण्णांना कसं द्यायचं?

गोव्यातल्या आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या महिन्यात परत वाद पेटला. सुरुवात नेहमीप्रमाणे राजभाषेवरून, कोंकणी की मराठी, १९८७ चा कायदा, मराठीला सरकारी कामात वापरायची मुभा दिली पण पाटावर बसवलंच नाही वगैरे, आणि तिथून कोणीतरी गाडी वळवली की मराठी मराठी करता पण तुमची पोरं सगळं मोबाईलवर वाचतात, स्क्रीनवर वाचणं हे वाचणंच नव्हे. झालं, रात्रभर मेसेज. एकीकडे कागदवाले, दुसरीकडे किंडलवाले, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या यंत्रावर वाचणारे. आणि गंमत अशी की ज्यांनी कागदाचा झेंडा धरला होता त्याच गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी एका कादंबरीची स्कॅन केलेली पीडीएफ ग्रुपवर टाकली, "सर्वांनी अवश्य वाचावी" म्हणून. फुकट! खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

मी यात पडलो नाही. पण लिहायचं राहून गेल्यासारखं वाटतंय म्हणून हे.

मी इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. गोव्यात स्विंडन कुठे आहे ते समजावून सांगावं लागत नाही, प्रत्येक वाड्यावरचं, म्हणजे वस्तीवरचं, कोणीतरी इथे आहेच. गोदामात रात्रपाळी, मधे अर्ध्या तासाची सुट्टी, तेवढ्यात कँटीनच्या कोपऱ्यात बसून मी वाचतो. सहा इंची स्क्रीनचा रीडर आहे, म्हणजे नुसतं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, जॅकेटच्या खिशात राहतो. फोनवर वाचायला मला जमत नाही, दोन पानं झाली की काहीतरी टुणकन वाजतं. रीडरचं तसं नाही, तो बिचारा एकच काम करतो. त्याच्या पडद्याआड काळ्यापांढऱ्या कणांच्या बारीक कुप्या असतात, पान उलटताना तेवढी वीज लागते, मग अक्षरं आपली जागच्या जागी बसून राहतात. म्हणून चार्जर कुठे ठेवलाय ते मला अधूनमधून शोधावं लागतं.

कागदवाल्यांचा पहिला मुद्दा असतो वासाचा. नव्या पुस्तकाचा वास! अहो, आपण फोंडा तालुक्यातली माणसं. वर्षाला शंभर-सव्वाशे इंच पाऊस पडतो. नव्या पुस्तकाचा वास फार तर पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकतो, त्यानंतर जो येतो तो बुरशीचा. आमच्याकडे बाबांचं कपाट होतं, कडुनिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या सगळं करून झालं, तरी एका वर्षी चवथीच्या आधी साफसफाईला खालचा खण उघडला तर पुस्तकांच्या जागी मातीच्या नळ्या, वरचे पुठ्ठे तेवढे शाबूत. वाळवीने पार आतून कोरून खाल्लं होतं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत नीट. त्यामुळे वासाचं कौतुक मला सांगू नका.

पण म्हणून मी किंडलवाल्यांच्या बाजूचा पण नाही, आणि हे मला इथे आल्यावर कळलं.

इथे ई-बुक म्हणलं की माझ्या ओळखीची माणसं आधी दुकानाचं नाव घेत नाहीत, लायब्ररीचं घेतात. सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड फुकट मिळतं, त्याचा नंबर ॲपमध्ये टाकला की ई-पुस्तक दोन-तीन आठवड्यांसाठी मिळतं, मुदत संपली की आपोआप परत जातं. दंड नाही. एका वेळी एकाच वाचकाला, त्यामुळे गाजलेल्या पुस्तकाला नंबर लावून महिनोन्महिने थांबायचं, अगदी कागदाच्या पुस्तकासारखं. लेखकालाही प्रत्येक उसनवारीमागे काही पेन्स मिळतात, सरकारकडून, आणि २०१८ पासून यात ई-पुस्तकं पण धरतात. तेव्हा इथल्या वाचकाला चोरीची पीडीएफ शोधायची फारशी गरजच पडत नाही, माणूस इथला असो की आपला. सगळं गोड आहे असंही नाही. प्रकाशक ग्रंथालयांना ई-पुस्तक विकत देतच नाहीत, परवाना देतात, कोणी ठराविक वर्षांचा, कोणी ठराविक वाचकांचा. अमेरिकेत एका मोठ्या प्रकाशकाने २०११ मध्ये नियम काढला की एक प्रत २६ वेळा दिली की संपली, परत पैसे भरा. म्हणे कागदाचं पुस्तक पण तेवढ्यात झिजतं! आमच्या शाळेच्या कपाटातली पुस्तकं दाखवायला पायजे होती त्यांना.

कराचं बघा. ब्रिटनमध्ये ई-पुस्तकावर २० टक्के व्हॅट होता, २०२० च्या मे महिन्यात, लॉकडाऊनमध्ये, तो शून्य केला, कागदाच्या पुस्तकाबरोबरीने. आपल्याकडे छापील पुस्तकावर जीएसटी नाही पण ई-पुस्तकावर आधी १८ टक्के होता, २०१८ मध्ये ५ वर आणला, तोसुद्धा छापील आवृत्ती असेल तरच. म्हणजे आधी कागदावर जन्म घ्या, मग बघू.

आता मराठीचं. मराठी पुस्तकं किंडलवर अधिकृतपणे आली २०१६ च्या डिसेंबरमध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळमबरोबर. मी तेव्हा इथेच होतो आणि खरं सांगतो, पहिल्या रात्री मी एका दमात अकरा पुस्तकं घेतली, पुस्तक डाऊनलोड व्हायला मिनिट लागत होतं आणि मी इतकी वर्षं सुटीवरून येताना तीस किलोच्या बॅगेत काजू, कोकम आणि पुस्तकं यांची मारामारी लावत होतो. पुढे लक्षात आलं की बऱ्याच मराठी पुस्तकांसाठी भारताचं खातं लागतं, इथल्या इंग्रजी पुस्तकांसाठी इथलं, म्हणून माझी दोन खाती आणि दोन रीडर. शिवाय एका दुकानातलं पुस्तक दुसऱ्याच्या ॲपमध्ये उघडत नाही. आणि जुनी पुस्तकं तर नाहीतच फारशी. कारण साधं आहे, ती ज्या काळात संगणकावर जुळवली तेव्हाचे फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखे चालणारे, नव्हते, आता ई-पुस्तक करायचं तर मजकूर बदलून घ्यावा लागतो, त्यात रफार एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे, कोणीतरी परत ओळन् ओळ तपासली पायजे. छोट्या प्रकाशकाला ते परवडत नाही. गोव्यातल्या मराठी लेखकांचं तर विचारूच नका, पाचशे प्रतींची आवृत्ती, त्यातल्या निम्म्या भेट दिलेल्या. मग उरते स्कॅन केलेली पीडीएफ, जी सहा इंचांवर मुंगीएवढी दिसते. ग्रुपवर हात जोडणाऱ्यांपैकी कितीजणांनी ती खरंच वाचली, देव जाणे.

दोन वर्षांमागे चवथीला घरी गेलो तेव्हा मी माझा भारताच्या खात्याचा रीडर बाबांना देऊन आलो. बाबा म्हणजे निवृत्त मराठी शिक्षक, गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव ज्या मराठी शाळा निघाल्या त्यातल्याच एकीत आयुष्य गेलं. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, छापील पुस्तक वाचायचं म्हणजे भिंग घेऊन. त्यांनी तो रीडर उलटासुलटा करून बघितला, मागचं झाकण कुठून उघडतं ते शोधलं. मी अक्षर मोठं करून दाखवलं. एका ओळीत चार शब्द राहिले फक्त, पण बाबांनी भिंग खाली ठेवलं. त्या संध्याकाळी नेहमीसारखी लाईट गेली, सगळे मेणबत्ती शोधतायत आणि बाबा सोप्यावर अंधारात बसून आरामात वाचतायत, तोंडावर तेवढा उजेड. मला वाटलं, जिंकलो.

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "वाचून जातकच हें अण्णाक कशें दिवचें?" (घरात बोलणं कोंकणी, वाचणं मराठी. ग्रुपवरच्या वादवाल्यांना हे अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही.) अण्णा म्हणजे शेजारचे. चाळीस वर्षं दोघांत पुस्तकांची देवघेव चाललीय, बाबांकडे त्याची वही आहे, पुस्तक, कोणी नेलं, तारीख, परत. मी समजावलं की हे असं देता येत नाही, हे आपण विकत घेतलं असलं तरी तसं आपलं नसतं, वाचायचा परवाना असतो आपल्या नावावर. बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, म्हणजे वाचनालयातनं आणल्यासारखं? मी म्हणलं नाही, वाचनालयाचं परत करायचं असतं. म्हणाले, मग पैसे कसले घेतात?

मला उत्तर आलं नाही. अजून येत नाही. माझ्या खात्यात आज दीडशेच्या आसपास मराठी पुस्तकं आहेत, बाबांच्या वाळवी लागलेल्या कपाटात जेमतेम तेवढीच होती. पण त्या कपाटावर अर्धा वाडा वाचायला शिकला, आणि माझ्या दीडशेतलं एक पुस्तक मला माझ्या बहिणीच्या मुलीला देता येत नाही. कागद की स्क्रीन हा वाद मला यामुळे पोकळ वाटतो. पणजीला पाट्टो भागात आपलं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ चं, देशातलं सगळ्यात जुनं सार्वजनिक ग्रंथालय म्हणून आपण मिरवतो. त्याच्या कार्डावर मला स्विंडनच्या कँटीनमध्ये नवी मराठी कादंबरी पंधरा दिवसांसाठी मिळाली, आणि अण्णांना वाड्यावर बसून मिळाली, तर मी कुठल्याही मोर्च्याला यायला तयार आहे. ग्रुपवर या विषयावर एक मेसेज दाखवा.

बाबांनी मात्र मार्ग काढला. मी परत आल्यावर पंधरा दिवसांनी रात्री दीडच्या सुमाराला, म्हणजे तिकडे सकाळचे सहा, मला मेल आला, तुमच्या खरेदीबद्दल आभार. पाठोपाठ दुसरा. तिसरा. मी घाबरून घरी फोन लावला, वाटलं खातं कोणीतरी फोडलं. बाबा शांतपणे म्हणाले, यंत्र अण्णांकडे आहे. दिलं वाचायला. वहीत लिहून ठेवलंय. अण्णांचं बोट जरा जाड, पान उलटायला जातात आणि भलतीकडेच लागतं, त्यांना कल्पनाही नव्हती आपण काही विकत घेतोय याची. चुकून घेतलेलं काही दिवसांत परत करता येतं, मी दोन परत केली. तिसरं ठेवलं, ते मलाच वाचायचं होतं.

आता तो रीडर वाड्यावर फिरतो. अण्णांकडून त्यांच्या विहिणीकडे गेला, तिकडून देवळाच्या पुजाऱ्यांकडे, वहीत प्रत्येकाची तारीख आहे. बहीण म्हणते पासवर्ड घाल. काल ब्रेकमध्ये परत मेल आला, कोणीतरी स्वयंपाकाचं पुस्तक घेतलं. एकशेवीस रुपये. बाबांना विचारलं कोणाकडे आहे आता, तर म्हणाले, थांब, वही आणतो.