फुकटची एपीआय, रोजचा एक टक्का आणि दाजींचे व्हीआरएसचे पैसे

‘नोकरी तुम्ही करा, कमाई बॉट करेल’ असा, म्हणजे शेअर आपोआप घेणारा-विकणारा प्रोग्राम लावून पैसे कमवा म्हणणारा एक मेसेज गेले काही दिवस नाशिकच्या निम्म्या ग्रुपांवर फिरतोय. मी बघून सोडून दिला होता. परवा तोच दाजींकडून आला, खाली एक ओळ: “पिंटू म्हणतो एक लाख टाकू. तू कॉम्प्युटरवाला आहेस, बघून सांग.” दाजींनी छप्पन्नाव्या वर्षी अंबडच्या कंपनीतून नुकतीच व्हीआरएस घेतलीय. पिंटू माझा भाचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, पायथन बऱ्यापैकी येतं. एकाच घरात एकाकडे पैसे आणि दुसऱ्याकडे कोड, म्हणजे या मेसेजला आयतं गिऱ्हाईक. म्हणून आता सविस्तरच लिहितो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ब्रोकरेज शून्य आणि एपीआय (आपल्या प्रोग्रामने ब्रोकरकडे थेट ऑर्डर टाकायची सोय) फुकट, म्हणजे खर्च नाही. पन्नास ओळींचा कोड, बॅकटेस्टमध्ये (जुन्या भावांवर चालवून बघण्यात) सिद्ध झालेला. बॉटला भीती-हाव नसते. मोठे फंड हेच करतात. रोज फक्त १ टक्का कमवा, बाकी चक्रवाढ बघून घेईल. आणि बॉट एकदा तयार झाला की नातेवाईकांची खातीही जोडा, सगळं कायदेशीर आहे.

आधी तो १ टक्का, कारण दाजींना तोच पटलाय. “एकच टक्का म्हणतोय, जास्त कुठे मागतोय?” वर्षात बाजार साधारण २५० दिवस चालतो. रोज १ टक्का चक्रवाढीने एका लाखाचे वर्षाअखेर १२ लाख होतात. दुसऱ्या वर्षी १ कोटी ४४ लाख. तिसऱ्या वर्षी १७ कोटी, चौथ्या वर्षी २०० कोटींच्या वर. मेसेजवर जिम सायमन्स या अमेरिकन फंडवाल्याचा फोटो लावलाय. त्या माणसाच्या मेडॅलियन फंडाने १९८८ ते २०१८ या काळात फी वजा करण्याआधी वर्षाला सरासरी ६६ टक्के कमावले, आणि जगात त्याला चमत्कार म्हणतात. मेसेजवाला वर्षाला अकराशे टक्क्यांची बात करतोय आणि तरी त्याला कॉलेज रोडला हॉल घेऊन रविवारचा ‘मोफत सेमिनार’ घ्यावा लागतोय. असो. सप्टेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने ब्रोकरांना बजावलं, की अल्गोच्या (अशा आपोआप सौदे करणाऱ्या प्रोग्रामच्या) मागच्या किंवा पुढच्या परताव्याची जाहिरात करायची नाही आणि जो करतो त्याच्याशी संबंधही ठेवायचा नाही. मेसेजवर ब्रोकरचं नाव का नाही, ते यातून कळावं.

आता ‘खर्च नाही’. अर्धं खरं आहे, मान्य. एपीआय पूर्वीइतकी महाग राहिलेली नाही, झिरोदा या ब्रोकरनेही २०२५ मध्ये ऑर्डर टाकण्यापुरती ती वैयक्तिक वापरासाठी फुकट केली. पण हा मजकूर मूळचा अमेरिकन आहे, कोणीतरी मराठीत उतरवून घेतलाय. तिकडे २०१९ पासून मोठ्या ब्रोकरांनी कमिशन शून्यावर आणलं. तिथेही फुकटाची किंमत दुसरीकडून निघते: ग्राहकांच्या ऑर्डरी मोठ्या ट्रेडिंग कंपन्यांकडे वळवून पैसे मिळतात, हे ग्राहकांपासून झाकल्याच्या प्रकरणात रॉबिनहूडने डिसेंबर २०२० मध्ये ६.५ कोटी डॉलर भरून मिटवलं. आणि अमेरिकेत एसटीटी, म्हणजे शेअरच्या सौद्यावरचा सरकारी कर, नाही. आपल्याकडे आहे.

हिशोब मांडू. ब्रोकरेज खरंच शून्य धरा. एक लाखाचे शेअर सकाळी घेतले, त्याच दिवशी विकले. विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी, म्हणजे २५ रुपये. दोन्ही बाजूंना एक्स्चेंजचे मिळून साधारण ६, खरेदीवर स्टॅम्प ड्युटी ३, वर जीएसटी. झाले ३५ रुपये. किरकोळ वाटतात ना? पिंटूचा कोड पाच मिनिटांच्या कॅन्डलवर (दर पाच मिनिटांच्या भावांची एक पट्टी) पाच-सहा शेअर बघतो. असा बॉट दिवसाला दहा फेऱ्या सहज मारतो. रोजचे ३५०, वर्षाचे ८७,५००. एका लाखाच्या भांडवलावर. अजून घेणाऱ्या-विकणाऱ्याच्या भावातला फरक धरलेला नाही. दोनशे रुपयांच्या शेअरमध्ये तो दहा पैसे असला तर दर फेरीला आणखी ५० रुपये गेले. इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) करणाऱ्यांचा सेबीनेच हिशोब काढलाय: २०२२-२३ मध्ये दहातले सात जण तोट्यात, आणि वर्षाला ५०० पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांत ८० टक्के. जास्त सौदे करण्यासाठीच तर बॉट लिहायचा असतो!

बॅकटेस्टसाठी मी तो कोड उघडला. पाच आणि वीस कॅन्डलच्या सरासऱ्यांचं क्रॉसओव्हर (छोटी सरासरी मोठीच्या वर गेली की घ्या, खाली आली की विका), कुठल्याही यूट्यूब व्हिडिओत मिळतं तेच. गंमत पुढे आहे. ९:३० ची कॅन्डल ९:३५ ला बंद होते. सिग्नल निघतो तो त्या बंद भावावरून, म्हणजे ९:३५ ला. आणि कोड खरेदी कितीला दाखवतो? त्याच कॅन्डलच्या ओपनला, ९:३० च्या भावाने. आज पिंपळगावला कांद्याचा भाव फुटल्यावर “मी गेल्या आठवड्यातच घेऊन ठेवला होता” म्हणावं, तसं. असा कोड बॅकटेस्टमध्ये नेहमीच जिंकणार, त्याला उत्तरपत्रिका आधीच दिलीय. मी एका ओळीत शिफ्ट घालून सौदा पुढच्या कॅन्डलच्या ओपनला नेला आणि पुन्हा चालवला. चढती रेघ आडवी झाली. वर सांगितलेले खर्च घातले तर खाली गेली. पिंटूला फोनवर ती ओळ वाचून दाखवली, तर तो काही वेळ गप्प आणि मग म्हणतो, “पण मामा, मेसेजमध्ये ग्राफ वेगळा होता.” असणारच.

त्यात दुसरी लबाडी अशी की शेअर निवडलेत आजच्या निफ्टी ५० या पन्नास मोठ्या शेअरांच्या यादीतून आणि चाचणी २०१५ पासून. येस बँक मार्च २०२० पर्यंत निफ्टी ५० मध्ये होती. या यादीत ती नाही, म्हणून तिच्यात कोणाचे पैसेही बुडत नाहीत. जे टिकले तेवढेच निवडून “बघा, सगळे टिकले” असं सांगायचं.

भावनांचा मुद्दा मी नाखुशीने मान्य करतो. मशीन स्टॉपलॉस (ठरलेल्या तोट्याला आपोआप विकायची ऑर्डर) काढून टाकत नाही, दाजींसारखं “येईल परत वर” म्हणत बसत नाही. पण चुकीचा कोडही ते तितक्याच शांतपणे चालवतं. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या ट्रेडिंग कंपनीच्या एका सर्व्हरवर जुना कोड राहून गेला आणि साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलर गेले, तेही पगारी इंजिनिअरांची फौज असताना. पिंटूच्या कोडमध्ये ऑर्डर रिजेक्ट झाली किंवा अर्धीच भरली तर काय करायचं, याची एकही ओळ नाही. खरेदी झाली आणि स्टॉपलॉस जाण्याआधी सिडकोतली लाईट गेली, तर काय? पिंटू तेव्हा लेक्चरला असेल.

‘मोठे फंड अल्गोनेच कमावतात.’ मेसेजमधलं हे एकच वाक्य शंभर टक्के खरं आहे, आणि तेच मेसेजच्या मुळावर येतं. सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल घ्या. मेसेजमध्ये स्क्रीनशॉट ऑप्शनचेच लावलेत, म्हणून एफ अँड ओचाच (फ्युचर्स आणि ऑप्शन या वायद्याच्या सौद्यांचाच) घेतो. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत १ कोटीहून जास्त सामान्य ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. एकट्या २०२३-२४ मध्ये खर्च धरायच्या आधीच सामान्य माणसांचे ६१ हजार कोटी गेले. त्याच वर्षी प्रोप्रायटरी ट्रेडरांनी (स्वतःच्याच पैशाने सौदे करणाऱ्या कंपन्यांनी) ३३ हजार कोटी कमावले आणि परदेशी फंडांनी २८ हजार कोटी. बेरीज करा. आणि त्यांच्या नफ्यातला ९६-९७ टक्के भाग अल्गोतून आलेला. म्हणजे अल्गो कमावतात हे बरोबरच आहे, दाजी. प्रश्न एवढाच की कोणाकडून. त्यांचे सर्व्हर एक्स्चेंजच्याच डेटा सेंटरमध्ये बसलेले, आपला लॅपटॉप इंदिरानगरच्या ब्रॉडबँडवर. फुकट एपीआयने पिंटूला त्याच टेबलावर बसायला खुर्ची दिलीय, आणि ती फुकट का मिळाली याचा त्याने जरा विचार करावा.

राहिली नातेवाईकांची खाती. सेबीच्या ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात स्वतः अल्गो लिहिणाऱ्यांना जागा आहे: एपीआयला स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) हवा, आणि ठरलेल्या वेगापेक्षा जास्त ऑर्डर टाकायच्या तर ब्रोकरमार्फत एक्स्चेंजकडे नोंदणी. असा नोंदवलेला अल्गो कुटुंबासाठी वापरता येतो, पण कुटुंब म्हणजे स्वतः, जोडीदार, अवलंबून असलेली मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील. मामा त्यात नाही, आत्याचे मिस्टर नाहीत, सोसायटीतले काका तर नाहीतच. ‘दहा खाती जोडा, नफ्यात वाटा घ्या’ हा विना-नोंदणी दुसऱ्याचा पैसा हाताळण्याचा धंदा झाला.

करावर मेसेज मुकाच आहे. इंट्राडेचा नफा सट्ट्याच्या धंद्याचं उत्पन्न धरला जातो, रिटर्न आयटीआर-३, सीएची फी वेगळी.

पिंटूला एपीआय शिकायचीच असेल तर शिकू दे, चांगलीच गोष्ट आहे. स्वस्तातला एखादा ईटीएफ (शेअरसारखा बाजारात मिळणारा फंड), एक युनिट, डिलिव्हरीत (त्याच दिवशी न विकता), दर महिन्याला बॉटने घ्यावा. लॉगिन, टोकन, रिजेक्शन, लॉग, सगळं त्यात शिकायला मिळतं आणि नोकरीच्या मुलाखतीत दाखवताही येतं. दाजी, तुमचं वेगळं. पंचावन्नच्या पुढे व्हीआरएस घेतलेल्याला साठ पूर्ण व्हायच्या आधीही ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवता येतात, सध्या ८.२ टक्के. अट अशी की निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं. तुमचे पैसे कोणत्या तारखेला जमा झाले ते पासबुकात बघून मला आजच कळवा, आणि कंपनीचं पत्र शोधून ठेवा. पोस्टात ते मागतील.