सभेला यायचं नाही आणि नंतर जाब विचारायचा

एका प्रकारची माणसं आता मला सहनच होत नाहीत. स्वतः काडी इकडची तिकडे करायची नाही, आणि जो करतोय त्याच्या प्रत्येक कामात खोट काढायची. मुंबईत ही माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. कुठल्याही सोसायटीची वार्षिक सभा बघा.

बोरिवलीला आमच्या सोसायटीत चाळीस घरं आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, 14 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. गणपूर्तीला, म्हणजे सभा चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीला (कोरमला), दोन तृतीयांश किंवा 20 सभासद, यातला कमी आकडा पुरतो. म्हणजे आम्हाला फक्त 20 माणसं हवीत. तेवढीही येत नाहीत! मग सभा अर्धा तास तहकूब करायची आणि पुन्हा सुरू करायची, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. आणि हे लोक गावाला गेलेले नसतात हो. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत चहाचा कप घेऊन उभे असतात, खाली काय चाललंय ते ऐकत.

यंदा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च मंजूर झाला. रात्री ग्रुपवर पहिला मेसेज: "हे कोणाला विचारून ठरवलं?" अहो, तुम्हालाच विचारलं होतं! नोटीस तुमच्या दारात दिली, बोर्डावर लावली, ग्रुपवर टाकली. तिथे तुम्ही होकाराचा अंगठाही टाकलात. पाठोपाठ दुसरे येतात, "माझ्या ओळखीचा माणूस निम्म्या पैशात करून देईल." बरं, कोटेशन आणा म्हटलं की हे गृहस्थ थेट दिवाळीच्या शुभेच्छा द्यायलाच उगवणार.

सगळ्यात चीड येते ती हिशेबावरून. लाखोंच्या कामावर कोणी तोंड उघडत नाही. सभेच्या चहा-बिस्किटांचे 280 रुपये दिसले की पाऊण तास वाद. वॉटरप्रूफिंग कोणाला कळत नाही, चहा सगळ्यांना कळतो, म्हणून सगळी हुशारी चहावर. आळशी म्हणावं तर तसंही नाही. चूक शोधायला हीच माणसं रात्री बारापर्यंत जागून ताळेबंद वाचतात. तेवढ्या वेळात पाण्याची टाकी साफ करून घेतली असती. पण काम अंगावर घेतलं की चुकणं आलं, बोलणी खाणं आलं. काहीच न करणाऱ्याचं कधीच काही चुकत नाही, आणि त्याचाच त्याला माज.

आमच्या खजिनदार काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. गुडघे दुखत असताना जिने चढून मेंटेनन्सचे चेक गोळा करतात. पंप बंद पडला तेव्हा रात्री उशिरापर्यंत टॉर्च धरून मेकॅनिकपाशी उभ्या होत्या. एका पैशाचं मानधन नाही. त्यांना एकाने ग्रुपवर लिहिलं, "हिशेब स्वच्छ असेल तर घाबरता कशाला?" आणि हा लिहिणारा कोण? ज्याचा मेंटेनन्स वर्षभर थकलाय तो! उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमांप्रमाणे, थकबाकीवर व्याज लावता येतं. ते लावलं की हाच विचारतो, "माणुसकी आहे की नाही?"

आणि बाकीचे? वाचून गप्प बसले. काकूंनी लिफ्ट बंद असताना ज्यांच्या आईला दवाखान्यात न्यायला खुर्ची आणून दिली, तेसुद्धा गप्प. त्या गप्प बसण्याचा मला त्या मेसेजहून जास्त राग आहे.

काकूंनी राजीनामा लिहून ठेवलाय. कमिटीची निवडणूक तोंडावर आहे आणि उमेदवारीचे फॉर्म जिन्याखालच्या ऑफिसात पडून आहेत. ज्याला कमिटी चोर वाटते त्याने यावं, फॉर्म भरावा, चेकबुक हातात घ्यावं आणि एक पावसाळा काढून दाखवावा. ते जमत नसेल तर काकूंची माफी मागा. घरी येऊन हळूच नाही, ज्या ग्रुपवर लिहिलंत त्याच ग्रुपवर.